कोरड्या डोळ्यांचे खापर एकट्या मोबाइलवर नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डोळे कोरडे पडण्याविषयी हल्ली जे छापून येते, त्यात मोबाइल आणि संगणक यांच्याखेरीज दुसरा आरोपी सहसा दिसत नाही. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात व डोळे चुरचुरतात, हे खरेच आहे. परंतु चाळिशी-पन्नाशीतील स्त्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते अशी तक्रार घेऊन येते, तेव्हा पाण्याच्या घोटाशिवाय भाकरीचा घास उतरत नाही का आणि सकाळी बोटे आखडतात का, हेही विचारायला हवे.

या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असू शकते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मधील आपल्या प्रबंधात अशा १९ स्त्रियांची नोंद केली होती. त्यांपैकी १३ जणींना संधिवात होता. पुढे त्यांच्याच नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या या विकारात प्रतिकारशक्ती शरीराच्याच अश्रुग्रंथींवर व लाळग्रंथींवर उलटते, आणि काही रुग्णांत फुफ्फुसे, मूत्रपिंडे व मज्जातंतूंपर्यंत पोहोचते. लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा धोकाही त्यात वाढतो.

प्राथमिक तपासणी अगदी साधी आहे. खालच्या पापणीच्या कडेला टिपकागदाची अरुंद पट्टी अडकवून रुग्णाला पाच मिनिटे बसवायचे. पट्टी ५ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी भिजली, तर अश्रू खरोखरच अपुरे आहेत असे समजावे आणि रक्ततपासणीसाठी संधिवाततज्ज्ञांकडे पाठवावे. प्रत्यक्षात मात्र लाळ कमी पडल्याने किडलेले दात दंतवैद्य पाहतात, सांधे अस्थितज्ज्ञ पाहतात, डोळ्यांना आम्ही नेत्रतज्ज्ञ थेंब देतो, आणि थेंबांनी चुरचुर कमी होत असल्यामुळे मूळ आजार वर्षानुवर्षे तसाच राहतो.

संधिवाताच्या जुन्या रुग्णांनी तर अधिकच सावध असावे. त्यांचा डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर ती नेहमीची डोळ्यांची साथ नसून पांढऱ्या पटलाचा दाह असू शकतो. क्वचित बुबुळाची कडा पातळ होऊन फुटतेही. अशा वेळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब घालणे म्हणजे डोळा पणाला लावणे होय.

नेत्रशिबिरांत मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर यांपलीकडे सहसा काही पाहिले जात नाही. तेथील नोंदपत्रकावर तोंडाचा कोरडेपणा व सांधेदुखी असे दोन रकाने वाढवायला खर्च जवळपास नाहीच. आरोग्य विभागाने निदान तेवढे तरी करावे.

आपला,
एक निवृत्त नेत्रतज्ज्ञ, सातारा