काना परत देणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
शि. सा. नमस्कार.

शाल-श्रीफळाला तुम्ही नको म्हणालात. स्नेहसंमेलनाच्या दिवशी दोन मिनिटं स्टेजवर या म्हटलं, तर 'नातीला पाणी पाजून आणतो' म्हणून मागच्या दारानं जे गेलात ते गेलातच. तुमचा फोन बटणांचा, त्यावरचे मेसेज तुम्ही उघडत नाही. मग माझ्या हातात राहिलं काय? हे पत्र, आणि तेही चारचौघांत. नात वाचून दाखवेलच. सहावीतली मुलगी, पण जोडाक्षरावर एकदाही अडखळत नाही. त्याचं श्रेय आम्हा शिक्षकांकडे नाही, हे आता मला कळलंय.

शाळेचा वार्षिक अंक छापून आला, काका. ६४ पानं, मधोमध पिना, वर बाकाचा फोटो. काल गठ्ठे सोडले तेव्हा शाईच्या वासानं स्टाफरूममधल्या चहाचा वास मागे पडला. मुलं पानं उलटत नव्हती, नुसती हुंगत होती.

आमच्या शाळेची हकीकत बाहेरच्यांना माहीत नसणार, म्हणून चार ओळी त्यांच्यासाठी. शाळा मुंबईतल्या नायगावची, मराठी माध्यमाची. निम्मी मुलं बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, चाळींतली. १९२० नंतरच्या काही वर्षांत बांधलेल्या या चाळी, एकेका चाळीत ८० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. आता पुनर्विकास सुरू आहे. कुणाचं बिऱ्हाड संक्रमण शिबिरात गेलं, कुणी भाडं घेऊन मानखुर्द-गोवंडी गाठली. तरी मुलं हार्बरच्या लोकलनं वडाळ्याला उतरून याच शाळेत येतात. पट मात्र दरवर्षी घसरतोय. या जूनमध्ये नववीच्या दोन तुकड्यांची एक केली. बाक दोघांचे होते, त्यावर आता तिघं बसतात.

याच इमारतीत, याच संस्थेची इंग्रजी शाखा आहे. तिचं दरवर्षी चकचकीत इयरबुक निघतं. आमचं हस्तलिखित निघायचं, एकच प्रत, काचेच्या कपाटात. यंदा सभेत कुणीतरी म्हणालं, मराठीचाही छापील अंक हवा, आणि त्याला थीम हवी. ठराव झाला, टाळ्या झाल्या आणि थीम शोधायचं काम माझ्या नि नववी-दहावीच्या अकरा मुलांच्या गळ्यात पडलं.

तुम्ही येण्याआधी कोण कोण आलं हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगते, राग अजून उतरलेला नाही.

पहिले आले ते कुणाच्या तरी ओळखीचे सल्लागार. लॅपटॉप उघडून त्यांनी सहा तयार नमुने दाखवले. एकावर गरुड, एकावर पायऱ्या, एकावर उगवता सूर्य. 'उंच भरारी घेऊन टाका, सगळीकडे चालतं,' म्हणाले. सगळीकडे चालतं! शाळेचं नाव त्यांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा चुकीचं टाइप केलं. मुलांकडे पाहून एक प्रश्न विचारला असेल तर शपथ. चहा घेतला, दरपत्रक ठेवलं आणि गेले.

दुसरे आमचेच माजी विद्यार्थी, जाहिरातीच्या धंद्यात मोठं नाव. 'बाई, शाळेसाठी कायपण!' पुढचे दोन महिने मी निरोप पाठवत होते आणि निळ्या खुणा बघत होते. मुलं रोज विचारायची, दादा कधी येणार. एकीनं त्यांच्यासाठी प्रश्नसुद्धा लिहून ठेवले होते, चौकोनी वहीत, नंबर घालून. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

तिसरी नापास मी. कंटाळून मीच फळ्यावर 'माझी मुंबई' लिहिलं आणि म्हटलं, यावर लिहून आणा. चौदा लेख आले. त्यातल्या नवांची सुरुवात 'मुंबई ही स्वप्ननगरी आहे' अशी. दोष मुलांचा नव्हता. मुंबई स्वप्ननगरी आहे हे आम्हीच त्यांना पाचवीपासून घोकायला लावलंय.

आणि मग तुम्ही. तेही नोटीस बोर्डाच्या कृपेनं. नातीला न्यायला आला होतात, बोर्डावर 'विध्यार्थ्यांनी' वाचलंत आणि आमच्या शिपाईमामांना हळूच म्हणालात, 'हे कुणी बघायच्या आत बदलून घ्या.' मामांनी मला सांगितलं. मी धावत खाली आले, थोडी ओशाळून, थोडी भांडायच्या तयारीत. विचारलं, आपण कोण? तर म्हणालात, 'कुणी नाही. जुळारी होतो, गिरगावात. छापायचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचो.'

पुढचे पाच शनिवार तुम्ही आलात. सगळं इथं लिहीत बसत नाही. पण पहिल्याच दिवशी तुम्ही वर्तमानपत्राचा एक ताव घेतलात, तीनदा दुमडलात आणि मुलांना म्हणालात, आता न उलगडता, कडा वर करून, पानांवर १ ते १६ आकडे घाला. घातले. मग ताव उलगडलात. १ च्या शेजारी १६, ५ डोक्यावर उभा, १२ कुठल्या कुठे. मुलं खो खो हसली. तुम्ही म्हणालात, 'हा फर्मा. छापखान्यात पानं अशी उलटीसुलटी असतात, घडी घातली की रांगेत येतात. म्हणून पानं सोळाच्या हिशेबात बसवा, ६१ पानांचा अंक मागाल तर तीन पानं कोरी जातील.' तोवर आमची ६१च होत होती. थीमबद्दल अवाक्षर नाही. मला वाटलं, चला, हेही गेले वाया.

मग तुम्ही 'माझी मुंबई'चा गठ्ठा मागितलात. वाचत बसलात. चष्मा कपाळावर, कागद नाकाशी. पाऊण तास वर्गात पंख्याच्या आवाजाशिवाय काही नाही. मी घड्याळ बघत होते, खोटं कशाला बोलू.

एका कागदावर थांबलात. लेख आमच्या सगळ्यात गप्प मुलाचा होता, जेमतेम सव्वा पान. त्यात मुंबई दोन ओळींत संपली होती आणि पुढे त्यानं बाकाबद्दल लिहिलं होतं. 'तुकड्या एक झाल्यापासून आमच्या बाकावर तिघं बसतात. मी मधला आहे. मधल्याला कोपरा नाही.' मी ते वाचताना लाल पेनानं 'कोपरा'चा काना खोडला होता. कोपर. हात टेकायला जागा नाही, असंच म्हणायचं असणार. शुद्धलेखनाची चूक, खोडून मोकळी झाले. अठरा वर्षं शिकवतेय, असे काने मी हजारांनी खोडले असतील.

तुम्ही त्या मुलाला बोलावलंत. तो उभा राहिला, तर म्हणालात, 'उभा नको, शेजारी बस.' आणि स्वतः बाकावर सरकलात. मग कागद दोघांच्या मध्ये ठेवून विचारलंत, 'तुला कोपर म्हणायचं होतं की कोपरा?'

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, 'कोपराच. कडेच्या दोघांना बाकाचा कोपरा असतो. तिथं ते डबा ठेवतात, बाटली ठेवतात. मधल्याचं सगळं मांडीवर.'

'मग काना राहू दे?'

'राहू दे.'

तुम्ही खिशातून पेन्सिल काढलीत, मी खोडलेल्या काठीखाली तीन टिंबं दिलीत आणि समासात बारीक अक्षरात लिहिलंत, 'आहे तसंच ठेवा.' झालं. एवढंच. मला एका शब्दानं बोलला नाहीत, मुलांकडे पाहून डोळेसुद्धा मिचकावले नाहीत. वर मलाच सावरून घेतल्यासारखं म्हणालात, 'बाई, आमच्याकडे काना हा वेगळा खिळा असायचा. उचलला नाही तर शब्द बदलायचा. म्हणून हात थांबतो, दुसरं काही नाही.'

काका, त्या मुलाला आजवर कुणीच विचारलं नव्हतं, तुला काय म्हणायचंय. मीही नाही. त्याला चूक-बरोबर सांगणारे ढीगभर भेटले. त्याचा शब्द त्याला विचारून ठेवणारे तुम्ही पहिले. घरी जाऊन मी जुने निबंध काढले आणि माझ्या लाल खुणांकडे बराच वेळ बघत बसले. सगळ्या चुकीच्या नव्हत्या. पण किती चुकीच्या होत्या, हे आता कळायचा मार्ग नाही.

त्यानंतर वर्गात जे झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. मानखुर्दहून येणारी मुलगी म्हणाली, आजोबा, आमच्या गाडीत चौथी सीट असते, तिलापण कोपरा नाही. निम्मं बूड सीटवर, निम्मं हवेत. दुसरा म्हणाला, आमच्या खोलीत सात जण, रात्री आजी कूस बदलायच्या आधी सगळ्यांना सांगते. तिसरा म्हणाला, आता पाचशे फुटांचं घर मिळणार, तर आई आत्तापासून काळजी करतेय की एवढ्या जागेत एकटं एकटं वाटेल. एकमेकांचं तोडून बोलायला लागले. तुम्ही फक्त विचारलंत, 'अशा वेळी आपण शेजारच्याला काय म्हणतो?' आणि अकरा जण एका सुरात ओरडले:

'जरा सरका!'

थीम झाली. दोन महिने जी सापडत नव्हती ती.

तुम्हीच सांगितलंत की नाव नुसतं मुखपृष्ठावर मिरवायचं नसतं, ते अनुक्रमणिकेपर्यंत झिरपायला हवं. मग मुलं सुटलीच. दहावीच्या निरोपाच्या पानांना 'कुठं उतरणार?', हा प्रश्न मुंबईत सीट धरणारा रोज विचारतो, तोच त्यांनी अकरावीला कुठं जाणार यासाठी वापरला. शिक्षकांच्या पानाला बेस्टच्या कंडक्टरचं 'पुढे चला, पुढे चला'. शिपाईमामांची मुलाखत 'दारात उभं राहू नका' या मथळ्याखाली. ग्रुप फोटोत पहिल्यांदाच मामा आणि सफाईच्या मावशी मधल्या खुर्च्यांवर बसले, कारण मुलं मुख्याध्यापकांना तोंडावर म्हणाली, सर, जरा सरका. सर सरकले. हसले आणि सरकले. याबद्दल त्यांचेही आभार मानायला हवेत.

जाता जाता तुम्ही निर्णयसागरची गोष्ट सांगितलीत. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत तो छापखाना काढला, आणि इथल्या देवनागरी खिळ्यांनी छापलेले संस्कृत ग्रंथ देशभर नावाजले गेले. मुलांना ग्रंथांचं फार कौतुक नव्हतं. त्यांनी विचारलं, आजोबा, ओळीत जागा नसेल आणि शब्द राहिला असेल तर काय करायचे? तुम्ही म्हणालात, 'करायचं काय? दोन शब्दांमधल्या पट्ट्या काढून बारीक घालायच्या. सगळ्यांनी थोडं थोडं सरकायचं. एकाच शब्दाला कापायचं नाही.' ते वाक्य मुलांनी संपादकीयात घातलंय. तुमचं नाव न घालता, कारण तुम्ही दम दिला होतात.

काका, मदतीला येणारे पुष्कळ असतात. बहुतेकांना मदत करताना दिसायचं असतं, काहींना आपण किती जाणतो ते ऐकवायचं असतं. तुम्ही आलात ते पिशवीत चार पेन्सिली, एक खोडरबर आणि स्वतःचा पाण्याचा तांब्या घेऊन. चहा विचारला तर 'मुलांना आहे का?' आमच्या आजीच्या पिढीत अशी माणसं गल्लोगल्ली होती असं म्हणतात. मला ते पटत नाही. तेव्हाही मोजकीच असणार, फक्त लोक त्यांची आठवण ठेवत असतील. चांगुलपणाला काही आवाज नसतो, म्हणून त्याचं खोटं दुकानही लवकर चालतं. जाऊ दे, मी भाषणाकडे वळले, बाईंची खोड.

एक गोष्ट कबूल करायची आहे. अंकात एक चूक राहिली. तुम्हाला ती पहिल्या मिनिटात दिसणार, म्हणून आधीच सांगते. आतल्या पानावर त्या मुलाच्या लेखाचं नाव अगदी बरोबर आहे, 'मधल्याला कोपरा नाही.' पण अनुक्रमणिकेत डीटीपीवाल्यानं, चूक असेल समजून, स्वतःच्या अकलेनं दुरुस्त केलं: 'मधल्याला कोपर नाही.' ४०० प्रती. प्रत्येकीत.

मी डोक्याला हात लावून बसले. शुद्धिपत्र चिकटवू म्हटलं. तर आमचा गप्प मुलगा म्हणाला, 'बाई, कशाला? एक काठीच तर द्यायचीय.' कालपासून तो मधल्या सुट्टीत गठ्ठा घेऊन बसतो आणि काळ्या पेननं एकेक काना देतो. पट्टी लावून, सरळ. बाकीच्यांनी मदत करतो म्हटलं तर त्यांना हात लावू देत नाही, प्रती मोजून घ्यायला तेवढी परवानगी आहे. आज शाळा सुटेपर्यंत ११२ झाल्या होत्या.

तुमची प्रत त्यानं सगळ्यात आधी केली. खाली मामांकडे ठेवलीय. शनिवारी नातीला न्यायला याल तेव्हा घेऊन जा, आणि पाच मिनिटं वर्गात या. तो कडेला सरकून बसेल म्हणतो.

आपली,
नववी-दहावीच्या मराठीच्या बाई