फिल्टर काढायची तारीख कार्डावर लिहा

महोदय,

माझ्या यजमानांच्या पोटातल्या शिरेतून काढलेला, रक्ताची गुठळी अडवणारा फिल्टर डॉक्टरांनी मला बरणीत घालून दाखवला. छत्रीच्या काड्यांसारखा, दोन पेरांएवढा. त्यातली एक काडी शिरेची भिंत भेदून आतड्यात घुसली होती.

२०१७ साली मोटारसायकलच्या अपघातात त्यांची मांडी मोडली, डोक्यातही रक्तस्राव झाला. पायाच्या शिरेत गुठळी झाली, पण डोक्यातल्या रक्तस्रावामुळे रक्त पातळ करणारी औषधे देता येईनात. गुठळी फुप्फुसात जाऊ नये म्हणून पोटातल्या महाशिरेत (आयव्हीसी) फिल्टर बसवला. त्याने ते वाचले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढे दीड महिन्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि फिल्टरची गरज संपली. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘आयव्हीसी फिल्टर बसवला’ एवढीच ओळ होती. तो काढायचा असतो, हे आम्हाला कोणी बोललेच नाही. आम्ही हाडाच्या डॉक्टरांकडे जात राहिलो, ते मांडीचा एक्स-रे बघत राहिले.

सहा वर्षांनी पोट आणि पाठ दुखू लागली. वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या, मग सीटी स्कॅनमध्ये कळले. आधी मानेच्या शिरेतून तारेचा फास टाकून पाहिला. फिल्टरचा हूक शिरेच्या भिंतीत रुतलेला, सुटेना. शेवटी पोट उघडले, शीर दोन्हीकडून बंद करून चिरली, आतडे शिवले. साडेचार तास मी बाहेरच्या बाकावर होते. वेळेत काढला असता तर बहुधा मानेतल्या एका टोच्यावर भागले असते, असे डॉक्टर म्हणाले.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्येच गरज संपताच असे फिल्टर काढावेत, अशी सूचना केली होती. २००५ पासून त्यांच्याकडे ९२१ तक्रारी आल्या होत्या. त्यांतल्या ३२८ फिल्टर जागचा सरकल्याच्या, ७० शिरेला भोक पडल्याच्या. २०१४ मध्ये त्यांनी मुदतही सुचवली: धोका टळला असेल तर बसवल्यापासून साधारण २९ ते ५४ दिवसांत काढणे हिताचे.

मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. बाळाच्या लसीच्या कार्डावर पुढची तारीख लिहिलेली असते, ती अंगणवाडीताईही लक्षात ठेवते. फिल्टरच्या रुग्णालाही तशी तारीख मराठीत लिहून द्यावी, रुग्णालयाने नोंदवही ठेवून फोन करावा. काहींना तो कायम ठेवावा लागतो, तर तेही लिहावे. ज्यांच्या घरी जुन्या अपघाताची फाईल असेल त्यांनी त्यात ‘फिल्टर’ हा शब्द आहे का, ते आजच बघावे आणि असल्यास डॉक्टरांना विचारावे.

– एक निवृत्त शिक्षिका, तासगाव