विमा आहे, पण कामगाराला त्याचा पत्ता नाही

मा. संपादक,

आखातात नोकरी लागली की घरात पगार, तिकीट, राहायची सोय यांची चौकशी होते. विमा कोणता, हे क्वचितच कोणी विचारतो. दुबई आणि अबू धाबीत कामगाराचा आरोग्य विमा मालकाने काढायचा हा नियम जुना आहे. शारजा, अजमान, रास अल खैमा वगैरे अमिरातींतही तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. हप्ता पगारातून कापायचा नाही, हेही कायद्यातच आहे. तरी माणूस क्लिनिकच्या काउंटरवरून परततो, कारण ते क्लिनिक त्याच्या विम्याच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे तो विमा चालणाऱ्या दवाखान्यांच्या यादीत, नसते.

या उत्तरेकडील अमिरातींत मूळ पॅकेजचा वर्षाचा हप्ता ३२० दिरहॅम. एवढ्यात दवाखान्यांची यादी आखूडच असणार. त्यातही डॉक्टरला दाखवले की बिलाच्या २५ टक्के (कमाल १०० दिरहॅम) आणि औषधांचे ३० टक्के रुग्णाने भरायचे. दाखल झाल्यास २० टक्के, एका वेळी ५०० दिरहॅमपर्यंत. औषधांना वर्षाची मर्यादा १,५०० दिरहॅम. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्याची ती वर्ष संपण्याआधीच संपू शकते, मग गोळ्या एक दिवसाआड सुरू होतात.

म्हणून गोळ्या इथूनच न्याव्यात, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपला ब्रँड तिथे मिळेलच असे नाही. कंबरदुखीवर इथे सर्रास दिले जाणारे ट्रॅमाडॉल, किंवा झोपेची अल्प्राझोलम, ही तिथे नियंत्रित औषधे आहेत. आगाऊ ऑनलाइन परवानगी न घेता ती बॅगेत टाकली तर विमानतळावरच अडकायला होते.

आजार अंगावर काढण्याचे आणखी एक कारण रजेत आहे. अमिरातीत प्रोबेशनमध्ये पगारी आजारपणाची रजा नाही. नंतर वर्षाला ९० दिवस, पण पूर्ण पगार पहिल्या १५ दिवसांचाच, पुढचे ३० अर्ध्या पगाराचे, बाकी बिनपगारी. मालकाला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले नाही तर तीही वादात.

आपल्या सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना २७५ रुपयांत दोन वर्षे १० लाखांचे अपघात संरक्षण आणि इस्पितळ खर्चासाठी १ लाखापर्यंत देते. सक्ती मात्र फक्त ईसीआर पासपोर्टवाल्यांना, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाताना ज्यांना सरकारी मंजुरी लागते त्यांना. आपली मुले दहावी पास, म्हणजे ईसीएनआर (ती मंजुरी न लागणारी), म्हणून तिच्याबद्दल त्यांना कोणी सांगतही नाही. शिकल्याचा हा असा तोटा!

तारवटींची, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांची, गोष्ट वेगळी. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार (एमएलसी) बोटीवर आजारी पडलेल्याचा उपचार आणि पगार किमान १६ आठवडे कंपनीच्या अंगावर असतो. पण ‘स्वतःच्या विनंतीवरून’ उतरल्याच्या कागदावर सही केली की हक्क मागणे कठीण होते. उतरण्याचे कारण आजार असेच लिहून घ्यावे, आणि बोटीवरच्या डॉक्टरच्या नोंदीची प्रत सोबत आणावी.

गोवा राज्याच्या अनिवासी भारतीय आयुक्तालयाने देशवार एक पानी माहितीपत्रक मराठी-कोकणीत छापून पासपोर्ट कार्यालयात आणि पंचायतींत ठेवावे. विम्याचे नेटवर्क, रुग्णाचा वाटा, रुग्णवाहिकेचा क्रमांक (अमिराती ९९८, सौदी ९९७, कुवेत ११२) आणि अडचणीतल्या भारतीयांसाठी असलेल्या दूतावासाच्या भारतीय समुदाय कल्याण निधीकडे अर्ज कसा करायचा, एवढे त्यात पुरे.

— परदेशी जाणाऱ्यांना कागदपत्रांसाठी मदत करणारे कार्यकर्ते, म्हापसा