आप्पा, बोरीकाठचं शेत विकू नका

जळगाव, चैत्र

तीर्थरूप आप्पा आणि तीर्थस्वरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलले असते तर आप्पा, तुम्ही "बरं, बघू" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईने "जेवलीस का" विचारून विषय संपवला असता. म्हणून लिहायला बसले. महत्त्वाचं आधी सांगते: आम्ही फ्लॅट घेत नाही. काल संध्याकाळी दोघं जाऊन टोकन परत घेऊन आलो. त्यामुळे बोरी नदीकाठचं शेत विकायचं आता काही कारण नाही. गिऱ्हाईक ओट्यावर येऊन बसलं असेल तर त्याला चहा पाजा आणि नाही म्हणून सांगा. इसार घेऊ नका.

रागावू नका. तुमच्या मनात हे कधी आलं ते मला ठाऊक आहे. दिवाळीत तुम्ही इथे असताना घरमालक जिन्यात उभे राहून भाडं वाढवायचं बोलले. तुम्ही आत येऊन नुसतं पाणी मागितलंत. परतीच्या गाडीत धरणगाव येईपर्यंत तुम्ही कुणाशी बोलला नाहीत, असं दादाने मला नंतर सांगितलं. लेक दुसऱ्याच्या घरात राहते हे तुम्हाला लागलं. पण आप्पा, मला नाही लागलं. भाडं शेवटी पाचशेनेच वाढलं आणि घरमालक नवरा-बायको माणसं वाईट नाहीत.

तुम्ही म्हणालात, 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला, तुझंच तुला देतोय. दादा-वहिनीही मोकळ्या मनाने हो म्हणाले, हे मी कधी विसरणार नाही. पण हक्क माझा असेल तर मी तो तिथेच ठेवते, त्या काळ्या मातीत. त्या शेताची दादर ज्वारी आमच्या डब्यात आहे. दर वर्षी तुम्ही गोणी पाठवता, आणि इथे विकतच्या पिठाची भाकरी खाल्ली की तुमचे जावई दोन घासांत ओळखतात.

आता हिशेब सांगते, म्हणजे पोरांनी उगाच हट्ट केला असं वाटायला नको. घर 33 लाखांना सांगत होते. 25 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं मुदत. बँकेतून हप्ता काढून आणला, तो महिन्याला 21,700 च्या आसपास येत होता. जावयांनी वहीच्या मागच्या पानावर 240 महिन्यांनी गुणलं, तर आकडा 52 लाखांच्या वर गेला. आत्ता आम्ही 7,000 भाडं देतो. दोघांच्या पगारात हप्ता बसला नसता असं नाही, ओढूनताणून बसला असता. पण मग त्यांना दर रविवारी ओव्हरटाइम करावा लागला असता, माझी पुढची परीक्षा बाजूला पडली असती, आणि आमच्यापैकी कुणाची नोकरी चार महिने गेली तर पुन्हा तुमच्याच दारात यावं लागलं असतं. तेव्हा विकायला शेतही उरलं नसतं. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, ते पेपरचं कात्रण तुम्ही घडी घालून पाठवलंत. ते मी वहीतच ठेवलंय. घर घेऊ तेव्हा माझ्या नावावरच घेऊ, शब्द देते. पण आमच्या पैशांनी आणि आमच्या वेळेला.

आई, तुला झोप लागावी म्हणून आमचं कसं चाललंय ते नीट सांगते. त्यांच्या चटई कंपनीत पाळी दर आठवड्याला बदलते. पहिली पाळी असली की पहाटे तेच उठून चहा करतात, माझा कप ताटलीने झाकून ठेवतात आणि दार हळू ओढून घेतात. दुसरी पाळी असली की रात्री साडेअकराला येतात. मी जेवायला थांबते. तू ओरडशील म्हणून आधीच सांगते, सात वाजता मी दूध-पोळी खाते, पण ताट त्यांच्याबरोबरच घेते. गच्चीवर सतरंजी टाकतो. भाकरी, ठेचा आणि सकाळची भाजी. दिवसभर तापलेली गच्ची तेव्हा कुठे निवायला लागलेली असते. कोणत्या मशीनवर धागा तुटत राहिला, मेडिकलमध्ये कोणत्या आजोबांनी गोळ्यांची अर्धीच पट्टी मागितली, असं काहीबाही बोलत बसतो. दिवसभराचा शीण तिथे उतरतो. फ्लॅटच्या हप्त्यासाठी मी हे सोडलं नसतं.

पगार झाला की पहिल्या रविवारी वही उघडतो. सगळ्यात आधी पोस्टातली आरडी. मग आरोग्यविम्यासाठी बाजूला काढायचे. मग भाडं, किराणा, गॅस. शेवटी जे उरतं त्यातून एक वस्तू त्यांच्या मनाची आणि एक माझ्या मनाची. मागच्या महिन्यात त्यांनी जुना कॅरम आणला, मी मोगऱ्याचं रोप. कॅरमचा एक कोपरा जरा बसलाय, तरी आम्हाला चालतो. मोगऱ्याला कळ्या आल्यात.

थंडीत तर मजाच होती. सुट्टीच्या सकाळी मेहरूणच्या तलावावर फिरायला जायचो, येताना तिथली बोरं घ्यायचो. दादाने दिलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांवर एकदा गच्चीतच भरिताची वांगी भाजली, बामणोदची, हिरवी, हातात मावेनात अशी. साल काळी पडून फुटायला लागते, देठाजवळ पाणी फसफसतं, तोवर वांग्याला हात लावायचा नाही, हे तुझं शिकवणं मी त्यांना शिकवलं. कांद्याची पात त्यांनी चिरली, शेंगदाणे मी तळले. वाटीभर भरीत खाली घरमालकीणबाईंना दिलं. तेव्हापासून नळाला पाणी आलं की त्या स्वतः वरती हाक मारतात.

कूलरचीही काळजी नको. गवताच्या जाळ्या नव्या बसवल्यात, मोटर तपासून घेतलीय. दुपारी घर तापतं हे खरं, पण तेव्हा आम्ही दोघंही कामावर असतो.

आप्पा, त्या शेताची गोष्ट निघाली की मला नुसतं शेत आठवत नाही. नदीला पाणी असलं की तुम्ही मला खांद्यावर घेऊन पलीकडे न्यायचात आणि मी तुमची टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायचे. डोळे झाकले जायचे तुमचे, तरी तुम्ही कधी टोपी सोड म्हणाला नाहीत. बांधावरच्या निंबाखाली भाकरी सोडली की पहिला तुकडा माझा. आणि आई, तू अंगणात बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा, घाटा हाटायला बसलीस की मी वाटी घेऊन चुलीपाशी. वर कच्चं तेल सोडून द्यायचीस. अजून कुठे ज्वारी शिजल्याचा वास आला की मला तू दिसतेस, पदर खोचलेली, घामाने कपाळाचं कुंकू पसरलेलं. तुम्ही मला काही कमी दिलेलं नाही. जे दिलंत ते पुरून उरलंय, म्हणूनच आणखी घ्यायला मन होत नाही.

आता दोघांनी माझं ऐकायचं. आई, यंदा बिबडे एकटीने घालायचे नाहीत. वहिनीला आणि शेजारच्या काकूंना बोलावून घे, आणि वाळवण टाकायला घराच्या धाब्यावर तू चढायचं नाही, म्हणजे नाही. गुडघा परत सुजला तर मी तिथून हलणार नाही. तुझ्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू "उन्हाळ्यात काढत नाहीत" म्हणून थांबवू नकोस. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय की आता ऋतू बघायची गरज नसते.

आप्पा, तुम्हाला साखर आहे, शेतात अनवाणी जायचं नाही. बुटात पाय गुदमरतात म्हणता, तर पुढून बंद, मऊ तळव्याची चप्पल मी आणते. रात्री पाय धुतल्यावर तळवे कुणाला तरी दाखवायचे, तुम्हाला टोचलेलं कळत नाही आता. सकाळी दहाच्या आत घरी. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पाणी पाजायला गडी आहे, तुम्ही नाही गेलात तरी कापूस काही रुसणार नाही. सत्तर वर्षांवरच्यांना आयुष्मानचं कार्ड मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतो. आधार कार्ड घेऊन दादाबरोबर जाऊन ते काढून घ्या. मी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आले की मला ते हातात दिसलं पाहिजे.

हो, आखाजीला येतोय. जावयांना दोनच दिवस सुट्टी मिळेल, मी मात्र आठवडाभर राहीन. साडी घेऊ नका, मागची अजून घडीही मोडली नाही. त्यांना आईच्या हातची खापरावरची पुरणपोळी हवी आहे, तेवढं करा. पीठ मी मळून देईन.

शेताचं गिऱ्हाईक परत पाठवलं की दादाला मला तसा मेसेज टाकायला सांगा. तोवर माझं कामात लक्ष लागणार नाही.

तुमची,
धाकटी

ता. क. आप्पा, आईला वाचून दाखवताना डोळ्याचा आणि तुमच्या पायांचा भाग गाळू नका. मी वहिनीला विचारणार आहे.