'हात' एकच, घरे वेगळी

महोदय,
आपल्या रविवारच्या शब्दकोड्यात पाच आडव्या शब्दांची सुरुवात एकाच शब्दाने होती. तो कोणता, हे अर्थातच सांगितले नव्हते. असे कोडे मला साध्यापेक्षा जास्त आवडते, कारण एक शब्द सुटला की बाकीचे दार किलकिले होते. 'मदत, चार अक्षरे' यावर 'सहकार्य' लिहून मी फसलो. पुढचे सूत्र 'डोळ्यांदेखत फसवणे, पाच अक्षरे'. तिथे 'हातचलाखी' सुचली आणि लगेच वरचा 'हातभार' दिसला. मग 'हातखंडा', 'हातघाई' पटापट बसले.

उत्साहात पाचव्या ठिकाणीही 'हा' आणि 'त' शाईने लिहून टाकले. उत्तर निघाले 'हातोटी'! देवनागरीत एका घरात मात्रेसकट अख्खे अक्षर बसते, त्यामुळे तिथे 'त' नव्हे, 'तो' हवा होता. चूक माझीच. (पेन्सिल वापरा, असे घरचे केव्हापासून सांगताहेत.) तरी कोडेकाराने केलेली ही खोडी मला मनापासून आवडली.

तक्रार एकच. परवाच्या कोड्यात आडव्या ७ साठी 'उभा १२ पाहा' आणि उभ्या १२ साठी 'आडवा ७ पाहा' एवढेच होते! दोघांपैकी एकाला तरी स्वतःचा अर्थ द्यावा. 'नाटकात असतो, मासिकाचा निघतो, गणितात लागतो' असे काही दिले, तर 'अंक' शोधायला आम्ही अर्धा तास आनंदाने घालवू.

– एक नियमित कोडेबाज