वही बैठकीतच उघड

डिचोली, गोवा

प्रिय बाय,

सप्रेम नमस्कार. सावंतवाडीला तुमच्या वाडीतल्या बारा बायका बचत गट काढताहेत आणि वही तुझ्याकडे देताहेत, हे वाचून फार बरं वाटलं. भिशी असताना गट कशाला, असं तू विचारलंस. भिशीत आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं गं. अडचण पाळी बघून येते होय?

आमचंच सांगते. २००९ मध्ये आम्हीही बाराजणीच होतो, महिन्याला १०० रुपये. १० सप्टेंबर २०१२ला सरकारने खाणी बंद केल्या आणि गणपतीची चवथ आली १९ला. आमच्यातल्या एकीचा नवरा खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर. ती बैठकीला आली, हप्ता ठेवला आणि गप्प बसली. खूप वेळाने म्हणाली, "गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधू की दुकानाची उधारी फेडू?" बाहेर महिना शेकडा पाच व्याजाने पैसे मिळत होते. आम्ही त्याच संध्याकाळी ५००० दिले, शेकडा दोनने. तारण कसलं विचारणार, तिची चूल आम्हाला ठाऊक होती. दोन टक्के तुला जास्त वाटतील, पण ते महिन्याचे १०० रुपये गटातच जमा होतात, त्यात तिचाही वाटा. पुढच्या मे महिन्यात कोकमाची सोलं वाळवून विकली आणि उरलेलं सगळं फेडलं तिने.

आता वहीचं. एक वर्ष आमची वही एकीच्याच घरी राहिली. ती खोटी नव्हती, पण दोन महिन्यांच्या नोंदी राहून गेल्या. कुजबुज सुरू झाली, दोघी गट सोडून गेल्या. त्यातली एक माझी जाऊ. अजून आमचं पूर्वीसारखं बोलणं नाही, आणि ते मला सलतं. म्हणून वही घे, पण दर बैठकीत मोठ्याने वाचून दाखव. जिला वाचता येत नाही, तिच्या पासबुकात आकडा तिच्यासमोर लिही, बोलून लिही.

बँकेच्या कर्जाची घाई नको. १९९२ मध्ये नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या बँकेने ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला, आता गटाला २० लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं. तरी आधी सहा महिने आपलेच पैसे आपसात फिरवा. कोण वेळेवर देते, कोणाला सवड द्यावी लागते, ते तेवढ्यात कळतं.

चवथीला येशील तेव्हा वही घेऊन ये. माटोळीची कामं आवरली की ओसरीवर बसून बेरजा बघू.

तुझीच,
डिचोलीची मैत्रीण