बिस्किटाच्या डब्यात ठेवायचं पत्र

निशी-कासाई, तोक्यो
रविवार, 31 ऑगस्ट 2025

तीर्थरूप आई-बाबांस आणि आजीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज गौरी आल्या. दादाने फोटो पाठवलाय, मुखवटे झकास दिसतायत. आजीची नऊवारी दिसली, आईचा नुसता हात दिसला आणि बाबा कुठेच दिसले नाहीत. म्हणजे आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी बघायला गेले असणार. सांगलीकर माणूस, गौरी काय दरवर्षी येतात!

मी मजेत आहे. खाणं, झोप, ऑफिस, सगळं तुम्हाला माहीत आहे तसंच. मध्येच पत्र का, असं वाटेल. कॉलवर पुराच्या तयारीचा विषय काढला की बाबांना ‘आवाज तुटतोय’ आणि आईला कुकरची शिट्टी ऐकू येते. कागदाचा आवाज तुटत नाही. ऑफिसातले एक जण पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर देतेय. दादा घेऊन येईल.

आधी आईच्या काळज्या. 5 जुलैला जपान बुडणार हा मेसेज तू मला तीन वेळा पाठवलास. त्या दिवशी शनिवार होता आणि मी चादरी धुतल्या. चांगल्या वाळल्यासुद्धा. 30 जुलैची गोष्ट मात्र खरी. रशियाच्या कामचात्काला 8.8 चा भूकंप झाला आणि इथे किनाऱ्यावर त्सुनामीचा इशारा लागला. टीव्हीवाल्यांनी तुम्हाला जे दाखवलं ते दुसऱ्याच कुठल्या तरी वर्षाचं होतं गं. लाट दीड मीटरच्या आतच राहिली, तीही पार उत्तरेला. मी ऑफिसात नवव्या मजल्यावर होते. तुझे अकरा मिस्ड कॉल मी मुद्दाम नाही सोडले, मीटिंग चालू होती.

आणि ते गाणं. मागच्या महिन्यात कॉलवर मागून ऐकू आलं, तेव्हा ‘देऊळ आहे का जवळ?’ म्हणून तू खूश झालीस. मी ‘भोंगा आहे, संकटाचा’ म्हटल्यावर घाबरलीस. नीट सांगायचं राहिलं, आता सांगते. इथे बागेत, शाळेत, चौकात उंच खांब आहेत आणि त्यांवर कर्णे आहेत, आपल्या मंडपावर असतात तसे. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांतून एक संथ धून वाजते. मिनिटभराची असेल. खांब लांब लांब असल्यामुळे प्रत्येकाचा आवाज जरा पुढेमागे येतो, आणि सगळी हवा भजनात चुकलेल्या टाळांसारखी होते. ती ऐकली की पोरं खेळ सोडून घरी निघतात. आता यात संकट कुठलं? तर संकट काहीच नाही. भूकंप, पूर, काही आलं की याच कर्ण्यातून सूचना द्यायच्या असतात, आणि ऐन वेळी कर्णा बंद निघायला नको म्हणून तो रोज वाजवून बघायचा. नुसतं ‘हॅलो, चेक, चेक’ करण्यापेक्षा गाणं बरं. सात वर्षांत एकही संध्याकाळ चुकलेली मला आठवत नाही. आपल्याकडे रिक्षावरचा कर्णा ऐकू आला म्हणजे पाणी आलंच, म्हणून तुला धस्स झालं, ते मला कळतं.

उद्या 1 सप्टेंबर. 1923 साली या दिवशी सकाळी 11 वाजून 58 मिनिटांनी इथे भूकंप झाला होता. घरोघरी चुली पेटलेल्या. एक लाखाहून जास्त माणसं गेली, त्यातली बरीचशी आगीत. म्हणून उद्या देशभर सराव असतो. आम्ही सगळे हेल्मेट घालून टेबलाखाली बसणार, साहेबसुद्धा. साहेबांचं पोट टेबलाखाली मावत नाही, पण कोणी हसत नाही. पहिल्या वर्षी मी हसले होते.

आता मुद्द्यावर येते. बाबा, कृपा करून इथेच घडी घालू नका.

मी राहते तो एदोगावा वॉर्ड म्हणजे आपलं मारुती चौक समजा. बरीचशी जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली, आणि बाजूला आराकावा नदी. 2019 च्या मे महिन्यात वॉर्डाने घरोघरी पुराचा नकाशा वाटला. त्याच्या मुखपृष्ठावर वॉर्डाचं चित्र आहे आणि चित्रातच लिहिलंय की इथे थांबून चालणार नाही. बाहेर पडायचे बाण काढलेत. पाणी आठवडा-दोन आठवडे ओसरणार नाही, तेव्हा आधीच दुसरीकडे जा, असं आत सांगितलंय. आपल्याच लोकांना ‘इथे राहू नका’ असं छापून सांगायला काय छाती लागत असेल! (आपले मराठी योगेंद्र पुराणिक त्याच वर्षी या वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, हे बाबांना सांगून झालंय, तरी परत लिहिते.) मी तो नकाशा फ्रिजवर लावला, आणि तीन महिन्यांनी आयर्विनवर पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. तुम्ही माडीवर होतात आणि फोन बंद. दोन दिवस मी ऑफिसात बसून त्याच नकाशाच्या जातीचे नकाशे बनवत होते, दुसऱ्यांच्या गावांचे. दुपारी डबापण खाल्ला होता. हे तुम्हाला कधी बोलले नाही.

म्हणून आता ऐका. आयर्विनवर इशारा पातळी चाळीस फूट, धोका पंचेचाळीस, हे तुम्ही मला शिकवलंत. आपल्या घरापुरता नियम असा: चाळीस झाले की आजी विश्रामबागला मावशीकडे. आजीबरोबर आई. पंचेचाळीसची वाट बघायची नाही. कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि अलमट्टीने किती अडवलं हा वाद बाबांनी मावशीच्या गच्चीवर घालावा. दहा दिवसांपूर्वी पाणी चाळीसच्या वर गेलं तेव्हा तुम्ही तिघंही घरातच होतात, मला दादाकडून कळलं. ‘2005 ला पायरीपर्यंत आलं होतं, त्यापुढे येत नाही’ असं बाबा 2019 ला पण म्हणाले होते.

दाराजवळ खुंटीला एक पिशवी टांगायची. इथे प्रत्येक घरात असते. तिला जे म्हणतात ते आजीला म्हणून दाखवलं तर दातांची कवळी पडेल. माझ्या पिशवीत पाणी, टॉर्च, शिट्टी, पॉवर बँक आणि घडीचं शौचालय आहे. तुम्हाला शौचालय नको. तुमच्या पिशवीत आजीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, बाबांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि त्यांची चिठ्ठी, चष्म्याचा जुना जोड, सुटे पैसे, आणि एका कागदावर आमचे सगळ्यांचे नंबर पेनाने लिहिलेले. आई, तुला माझा नंबर पाठ आहे का? मला तुझा नाही, परवा बघितलं आणि लाज वाटली. आजीच्या इन्सुलिनची चालू बाटली फ्रिजबाहेर किती दिवस चालते ते डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर लिही, वीज काही आपल्याला विचारून जात नाही. सातबारा, विम्याचे कागद, घराचे खरेदीखत झिपच्या प्लास्टिकमध्ये घालून बिस्किटाच्या डब्यात, आणि डबा माडीवर. हे पत्रही त्यातच.

पाणी माणशी रोजचं तीन लिटर, निदान तीन दिवसांचं, असा इथला हिशेब. खाण्याचं मी सांगायला नको. इथे ‘जुनं आधी खा, तेवढंच नवं आणून मागे ठेवा’ हे सरकार पत्रकं काढून शिकवतं. आजीच्या सांडग्या-कुरडयांच्या डब्यांना कोणी पत्रक काढलं नव्हतं.

पण खरी पिशवी दुसरीच आहे. फेब्रुवारीत बाबांना दवाखान्यात नेलं, तेव्हा आई, तू शेजारच्या काकूंकडून पन्नास हजार उसने घेतलेस. बाबांच्या खात्यात त्या दिवशी चार लाख होते. कार्डाचा पिन तुला माहीत नव्हता, खात्यावर तुझं नाव नव्हतं, आणि बाबा आत टेबलावर. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं, ‘आता सगळं व्यवस्थित आहे’ या वाक्यानंतर. बाबा, दोन्ही खाती आईच्या नावे संयुक्त करून घ्या, दोघांपैकी कोणालाही पैसे काढता येतील अशी. दिवाळीच्या आत. यात तुमच्या काळजाला काही होणार आहे असं मी म्हणत नाहीये. आई, तूही रडू नकोस. एटीएममध्ये जा, स्वतः पाचशे रुपये काढ आणि मला मशीनच्या पावतीचा फोटो पाठव.

मला रागावायचा हक्क किती आहे ते मला माहीत आहे. ऑक्टोबर 2019 च्या वादळात मी ‘ऑफिसात उशीर होतोय’ म्हणाले होते ना, ती रात्र मी एका शाळेच्या जिममध्ये सतरंजीवर काढली. वॉर्डाने घर सोडायला सांगितलं होतं. काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. पण आपण दोन्हीकडून असंच करत राहिलो तर एक दिवस कोणालाच काही कळणार नाही. यापुढे मी सांगेन. तुम्हीही त्याच दिवशी सांगा, तिसऱ्या दिवशी नको.

दादाच्या खात्यावर दीड लाख टाकलेत. त्यातून काकूंचे पन्नास आधी द्या, ते अजून दिलेले नाहीत हे मला माहीत आहे. उरलेले वेगळे ठेवा, रंगकामाला काढू नका. हे माझ्या दिवाळीच्या तिकिटाचे आणि साठवलेले मिळून आहेत, तेव्हा दिवाळीला येणं होत नाही. फराळाचं पार्सल पाठवू नका, इथे चकल्या मिळतात. बऱ्या असतात.

मावशीने आणलेल्या स्थळाचं. मुलगा ओसाकाला आहे म्हणजे ‘तुझ्या शेजारीच’ असं आईला वाटतं. पाचशे किलोमीटर आहे. तरी दोनदा फोनवर बोलले. साताऱ्याकडचा आहे, बोलतो कमी, ऐकून घेतो. सांगलीला परत यायचं का, हे मी विचारलं तेव्हा लगेच हो किंवा नाही म्हणाला नाही, ते मला आवडलं. मावशीला एवढंच सांगा की नकार नाही. पत्रिका वगैरे आत्ता काढू नका.

आजीला गौरीच्या पुरणपोळीतला माझा घास खायला सांगा, गोळी घेऊन.

तुमची,
चिऊ

ता. क. पिशवीत एक कार्ड ठेवायचं असतं, आपल्याला काही झालं तर कोणाला कळवायचं त्याचं. पहिल्या ओळीत मी शेजारच्या जपानी आजींचा नंबर लिहिलाय, त्या चार मिनिटांत पोचतील. तुमचा दुसऱ्या ओळीत आहे. राग मानू नका.